श्वासापुरतं गाणं : कराओकेसाठी अ‍ॅनिमे-गीतं निवडताना

अ‍ॅनिमे पाहणाऱ्या माणसाला कधी ना कधी त्यातलं गाणं गावंसं वाटतं. मग तो विचारतो, यातलं सोपं कोणतं? उत्तरादाखल त्याला एखादी यादी मिळते. यादीतलं पहिलं नाव निवडून तो माइक हातात घेतो, पहिलं कडवं निभावतं, दुसऱ्यात शब्द पुढे धावू लागतात आणि धृपदाशी पोचेपर्यंत दम संपलेला असतो. यादी खोटी नसते. जिने किंवा ज्याने ती केली, त्यांना ती गाणी खरोखर सोपी गेलेली असतात. पण का सोपी गेली ते यादी सांगत नाही, आणि ते कळलं नाही तर पुढचं गाणं निवडताना आपण पुन्हा तिथेच अडतो.

हा विषय अभ्यासाचा आहे असं मला मनापासून वाटतं. गाण्याचं स्वरक्षेत्र, लय, जपानी भाषेची घडण, साथीच्या यंत्राचा इतिहास आणि गाणं मुळात कुणासाठी रचलं गेलं, या सगळ्यांचा त्यात संबंध येतो. जपानी येत नाही, गाणं शिकलेलो नाही, अशा वाचकाला या अभ्यासात पहिल्या दिवसापासून जागा आहे. सोप्या गाण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त, म्हणून त्याचे प्रश्नही सर्वांत कामाचे.

सुरुवात कोबे शहरापासून करू. तिथल्या बारमध्ये वाद्य वाजवून गिऱ्हाइकांना साथ करणाऱ्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली नाणं टाकून चालणारं साथीचं यंत्र तयार केलं. त्याआधी १९६७ मध्ये तोक्योच्या शिगेइची नेगिशी यांनीही असं यंत्र बनवलं होतं, आणि श्रेयाच्या या वाटणीत आणखीही नावं घेतली जातात. पण आपल्या कामाची हकिकत इनोउए यांची आहे. त्यांच्या साथीवर नेहमी गाणाऱ्या एका व्यावसायिकाला कंपनीच्या सहलीत गायचं होतं आणि इनोउए यांना सोबत जाणं शक्य नव्हतं. तेव्हा त्या गृहस्थाच्या गळ्याला आणि लयीला मानवेल अशी साथ त्यांनी आधीच ध्वनिमुद्रित करून दिली. यंत्राची कल्पना तिथून आली. म्हणजे कराओकेची मूळ वृत्तीच अशी की गाणं गाणाऱ्याकडे चालत येतं. मूळ गायकाच्या पट्टीत, मूळ गायकाच्या वेगात गायलं तरच ते खरं, हा आग्रह नंतर चिकटलेला आहे. शिकाऊ माणसाने तो आधी बाजूला ठेवावा.

पुढचा टप्पा ओकायामाचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे मालवाहू डबा वापरून पहिली कराओकेची खोली उभी राहिली असं सांगितलं जातं. बारमधल्या अनोळखी लोकांसमोर गाण्याऐवजी चार मित्रांनी दार लावून गायचं, ही रीत तिथून जपानभर पसरली. पुण्याच्या वाचकाला ओकायामा हे नाव परकं नाही. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच शहराच्या मैत्रीतून, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं राहिलं. या खोलीमुळे गाणाऱ्यांचा वर्ग बदलला. शाळकरी मुलं, विद्यार्थी, घरची मंडळी कराओकेत आली आणि त्यांच्याबरोबर दूरचित्रवाणीवरची गाणी आली. आपल्याकडे पुण्या-ठाण्यात हौशी मंडळी सभागृहात, मंचावरून, ट्रॅकवर जुनी हिंदी गाणी गातात. तिथे श्रोता समोर असतो. जपानी खोलीत पुढचं गाणं ज्याचं आहे तोच आत्ताचा श्रोता असतो, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा खुळखुळा किंवा डफली असते.

१९९२ पासून गाणी टेलिफोनच्या तारांमधून यंत्रात येऊ लागली. तबकड्यांची कपाटं गेली, आणि साथ ही स्वरांच्या सूचनांच्या रूपात येत असल्याने ती हवी तशी वाकवता येऊ लागली. आजच्या डॅम किंवा जॉयसाउंड यंत्रावर एक कळ दाबली की पट्टी अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या घरात सरकते. दुसऱ्या कळीने वेग कमी-जास्त होतो. चाल आठवत नसेल तर तिचे सूर साथीत ऐकू येतील अशी सोय आहे. कांजी वाचता येत नसेल तर वर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो.

या सोयींची यादी देण्यामागे हेतू आहे. गाणं उंच आहे, ही अडचण कळीने सुटते. गाणं जलद आहे, ही अडचण निदान सरावापुरती कळीने सुटते. शब्द परके आहेत, ही अडचण कागद-पेन्सिलीने सुटते. मग जी सुटत नाही ती अडचण कोणती? श्वासाची. एका दमात किती अक्षरं म्हणायची आहेत आणि पुढचा श्वास घ्यायला गाण्याने कुठे, किती जागा ठेवली आहे, हे बदलणारी कळ कोणत्याही यंत्रावर नाही. वेग कमी केला तर उलट प्रत्येक ओळ लांबते आणि दम अधिक लागतो. म्हणून सोप्या गाण्याचं खरं मोजमाप श्वास हेच आहे, असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं विवेचन त्या मतावर उभं आहे.

हे मोजमाप हातात घेऊन अ‍ॅनिमे-गीतांचा इतिहास पाहिला की तो वेगळाच दिसू लागतो.

१ जानेवारी १९६३ रोजी 'तेत्सुवान आतोमु' दूरचित्रवाणीवर सुरू झालं. ओसामु तेझुका यांच्या या मालिकेच्या शीर्षकगीताची चाल तात्सुओ ताकाई यांची, आणि शब्द कवी शुंतारो तानिकावा यांचे. गायला मुलांचा गायनवृंद. हे गाणं मुलांनी मुलांसाठी गायलेलं होतं, आणि मुलांची छाती लहान असते, म्हणून ओळी आखूड. पुढची दहा-पंधरा वर्षं हाच नियम चालला. १९७२ चं 'माझिंगर झेड' इचिरो मिझुकी यांनी प्रौढ, भरदार आवाजात गायलं, १९७४ चं 'उचू सेन्कान यामातो' इसाओ सासाकी यांनी. तरीही रचना अशी की दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या मुलाला सोबत गाता यावं: नायकाचं नाव मोठ्याने, मग विराम, मग पुन्हा नाव. या विरामांत श्वास घेता येतो. मिझुकी यांनी १९९९ मध्ये २४ तासांत १००० गाणी गाण्याचा कार्यक्रम केला होता. तो पराक्रम त्यांच्या तयारीचा आहेच, पण ज्या गीतपरंपरेत ते वाढले तिच्या श्वासशुद्ध बांधणीचाही त्यात वाटा असावा असं मला वाटतं.

दुसरा काळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांना कळलं की मालिकेचं शीर्षकगीत ही नव्या गाण्याची उत्तम जाहिरात आहे. १९८७ मध्ये 'सिटी हंटर'च्या शेवटी टी. एम. नेटवर्कचं 'गेट वाइल्ड' वाजू लागलं, आणि पुढच्या काही वर्षांत नावाजलेले बँड अ‍ॅनिमेसाठी सर्रास गाऊ लागले. गाण्यातून नायकाचं नाव गेलं. गाणं आता मोठ्या माणसाच्या गळ्यासाठी, एका विशिष्ट गायकाच्या लकबींसाठी रचलं जाऊ लागलं. १९९६ मध्ये 'रुरोउनी केन्शिन'चं 'सोबाकासु' गाणारा ज्युडी अँड मेरी हा बँड याचं चांगलं उदाहरण आहे. ऐकताना गाणं उड्या मारत जातं, गाताना त्या उड्या आपल्याला माराव्या लागतात.

तिसऱ्या काळाचं मूळ एका यंत्रात आहे. ऑगस्ट २००७ मध्ये साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने 'हात्सुने मिकु' हा संगणकीय आवाज विक्रीला आणला. घरी बसून गाणी रचणाऱ्या तरुणांना न थकणारी गायिका मिळाली. ती कितीही वरचा स्वर लावते, कितीही जलद शब्द म्हणते, आणि तिला श्वास घ्यावा लागत नाही. या तरुणांपैकी काही जण आज अ‍ॅनिमे-गीतांचे आघाडीचे रचनाकार आहेत. 'चेन्सॉ मॅन'साठी २०२२ मध्ये 'किक बॅक' करणारे केन्शी योनेझु तिथूनच आले. योआसोबीचे आयासे तिथलेच. त्यांचं २०२३ चं 'आयडॉल' जगभर गाजलं. त्यात पट्टी अनेकदा बदलते, मध्ये बोलल्यासारखा जलद भाग येतो आणि ओळी एकमेकींवर चढत जातात. गायिका लिलास इकुता ते लीलया गाते हे तिच्या गळ्याचं श्रेय आहे. ते रचताना डोळ्यांसमोर श्वास न घेणारा आवाज होता असं मी म्हणणार नाही, पण त्या सवयीत घडलेला कान तिथे काम करतो आहे, हे ऐकताना जाणवतं. नव्या अ‍ॅनिमे-गीतांनी आपली दमछाक होते ती आपल्या गळ्यातल्या उणिवेमुळे, असं मानून खट्टू होणाऱ्या नवशिक्यांना हा इतिहास मी आवर्जून सांगतो.

याचा अर्थ जुनं ते सोपं आणि नवं ते अवघड, इतका सरळ हिशेब नाही. प्रत्येक काळात दोन्ही प्रकार आहेत. पण गाण्याचं साल कळलं की कुठे दबा धरून अडचण बसली असेल याचा अंदाज येतो.

आता भाषेकडे येऊ, कारण मराठी वाचकाला इथे एक मोठा लाभ आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जपानी भाषेत स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. बहुतेक अक्षरं व्यंजन आणि स्वर मिळून झालेली, म्हणजे थेट आपल्या बाराखडीतली. गाण्याचे शब्द रोमन लिपीत वाचून गाण्यापेक्षा देवनागरीत लिहून काढले तर जीभ फारशी चुकत नाही. शिवाय मराठीत 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळा असतो, 'जग'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळा असतो. 'देन्सेत्सु'मधला त्सु आणि 'झान्कोकु'मधला सुरुवातीचा ध्वनी यांच्या अगदी जवळ जाणारे उच्चार मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून बसलेले आहेत.

एका जागी मात्र आपला कान फसतो. जपानी शब्द समान ठोक्यांत मोजला जातो. 'तोनारी नो तोतोरो' या १९८८ च्या चित्रपटातलं चालत जाण्याचं गाणं, 'साम्पो', हे नाव आपण दोन अक्षरांत उरकतो. जपानी गळा ते तीन सारख्या ठोक्यांत म्हणतो: सा, म्, पो. आपल्या मात्रावृत्तांत अर्ध्या व्यंजनाला स्वतःची मात्रा नसते, ते आधीच्या अक्षराला जड करून मोकळं होतं. जपानीत त्या अनुनासिकाला स्वतःचा पूर्ण ठोका आहे, बऱ्याचदा स्वतःचा स्वतंत्र स्वरही आहे. दीर्घ स्वराला दोन ठोके, आणि द्वित्तातल्या क्षणभराच्या थांब्यालाही एक. देवनागरीत शब्द लिहिताना प्रत्येक ठोक्याखाली एक टिंब द्यावं. टिंबं मोजली की ओळीत किती ठोके एका श्वासात बसवायचे आहेत ते डोळ्यांना दिसतं, आणि गाणं ऐकण्याआधीच त्याची अर्धी परीक्षा झालेली असते.

उरलेली अर्धी परीक्षा अशी. ओळ गायची नाही, गाण्याच्या वेगात नुसती बोलायची, एका श्वासात. ओळ संपल्यावर थोडा श्वास उरला पाहिजे, कारण गाताना बोलण्यापेक्षा अधिक हवा खर्च होते. मग पुढच्या ओळीआधीचा विराम ऐकायचा. तिथे शांतपणे श्वास घेता येतो की चोरून घ्यावा लागतो? हे पहिल्या कडव्यावर करून थांबू नये. दूरचित्रवाणीवर शीर्षकगीताची लांबी साधारण दीड मिनिट असते, पूर्ण गाणं बहुधा चार मिनिटांच्या घरात जातं. आपल्याला पाठ असतं ते दीड मिनिट. दुसऱ्या कडव्यात त्याच चालीवर अधिक शब्द बसवलेले असू शकतात, त्यानंतर एखादा पूर्ण नवा तुकडा येतो आणि शेवटच्या धृपदाला पट्टी एक घर वर चढते. कराओकेच्या खोलीत फजिती होते ती बहुधा इथे. पहिलं धृपद झाल्यावर साथ थांबवून माइक पुढच्याला देणं हा जपानी खोलीत रीतसर मान्य असलेला पर्याय आहे. नवशिक्याने तो संकोच न करता वापरावा.

पट्टीबद्दल दोन शब्द. लोकप्रिय अ‍ॅनिमे-गीतांत स्त्रियांनी गायलेली गाणी पुष्कळ आहेत आणि ती गाऊ पाहणारे पुरुषही पुष्कळ. पेटीवर काळी एक किंवा काळी दोन धरणाऱ्या पुरुषाने अशी गाणी साधारण चार ते सहा घरं खाली आणून पाहावीत. ज्यांना तरीही वर ओढ बसते त्यांनी सरळ सप्तकभर खाली गावं. मग खर्ज फार खोल जातो, म्हणून उलट पट्टी तीन-चार घरं वर न्यावी. दोन्ही वाटा करून पाहायच्या आणि धृपद जिथे मोकळं लागेल ती ठेवायची. गळ्याला त्रास देऊन मूळ पट्टी सांभाळण्यात काहीच मोठेपणा नाही. इनोउए यांनी ती साथ नेमकी कुणासाठी मुद्रित केली होती ते आठवावं.

आता गाणी. सगळ्यांत आधी 'साम्पो'. जो हिसाइशी यांची चाल, रिएको नाकागावा यांचे शब्द, आझुमी इनोउए यांचा आवाज. जपानमध्ये बालवाडीतली मुलं हे गाणं गातात, म्हणून मोठी माणसं ते निवडायला लाजतात. मला हे गाणं अभ्यासासाठी अनमोल वाटतं. लय पावलांची आहे. प्रत्येक पावलाला ठोका, दर काही पावलांनी विराम. माणूस चालताना जसा श्वास घेतो तशा जागी या गाण्यात श्वास येतो, आणि त्यामुळे तो शोधावा लागत नाही. स्वर कुठेही ताणावे लागत नाहीत. हिसाइशींसारखा मोठा संगीतकार मुलांच्या फुप्फुसांचा किती बारकाईने विचार करतो ते इथे शिकायला मिळतं. त्यांचंच 'किमी ओ नोसेते', १९८६ च्या 'लापुता'मधलं, यानंतरची पायरी. जपानी शाळांतले गायनवृंद ते पिढ्यानपिढ्या गातात. चाल सावकाश आणि बहुतांशी शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर जाणारी आहे, पण ओळी लांबतात आणि शेवटाकडे आवाज भरून लावावा लागतो. दम वाढवण्यासाठी यापेक्षा चांगलं गाणं मला माहीत नाही.

सावकाश गाणं आपोआप सोपं असतं, ही समजूत मात्र सोडायला हवी. 'गेदो सेन्की' या २००६ च्या चित्रपटातलं 'तेरु नो उता' आओई तेशिमा यांनी जवळपास कुजबुजल्यासारखं गायलं आहे, सुरुवातीला साथीवाचून. स्वर थोडे, शब्द थोडे, घाई नाही. यादी करणारे ते हमखास घेतात. पण साथ नसल्याने आपला प्रत्येक सूर उघडा पडतो, आणि हळू आवाजात सूर धरून ठेवायला मोठ्या आवाजापेक्षा अधिक ताबा लागतो. 'किमेत्सु नो याइबा'च्या २०२० च्या चित्रपटासाठी लिसा यांनी गायलेलं, युकी काजिउरा यांचं 'होमुरा' हेही असंच फसवतं. खालच्या शांत स्वरांत सुरू होतं, म्हणून आपण ते हाती घेतो. वर कुठवर जायचं आहे ते उशिरा कळतं. त्याच मालिकेचं २०१९ चं 'गुरेंगे' निदान सुरुवातीलाच सांगून टाकतं की मी अवघड आहे.

आता ते गाणं ज्याच्याशिवाय या विषयावरचं कुठलंच लेखन पुरं होत नाही: १९९५ च्या 'शिन्सेइकी एव्हान्गेलिओन'चं 'झान्कोकु ना तेन्शि नो तेझे'. गायिका योको ताकाहाशी, शब्द नेको ओइकावा, चाल हिदेतोशी सातो. जपानी कराओकेत हे गाणं तीन दशकं टिकून आहे. ज्या मुलांचा जन्म मालिकेनंतरचा, तीही ते गातात. कीर्ती मालिकेमुळे आली हे खरं, पण इतकी वर्षं लोक ते प्रत्यक्ष गात राहिले याचं कारण मला त्याच्या बांधणीत दिसतं. सुरुवातीची ओळ सावकाश, ताल सुरू होण्याआधी येते. ती गाऊन झाली की थोडी उसंत मिळते आणि गाणाऱ्याचा धीर बसतो. पुढे कडव्यात ओळी आखूड आणि सारख्या लांबीच्या आहेत, बहुतेक ठिकाणी एका स्वरावर एक ठोका. धृपदात स्वर लांबवले आहेत, पण तिथे शब्द कमी केले आहेत. वर जाताना शब्द कमी करायचे हा गीतकार आणि संगीतकाराने मिळून केलेला विचार आहे, आणि सोप्या वाटणाऱ्या कितीतरी उत्तम गाण्यांत तो सापडतो. शब्द स्वतः काही सोपे नाहीत. अर्थ तर जपानी श्रोत्यांनाही विचार करायला लावणारा आहे. तरी गळ्याला ते सोयीचं आहे. नवशिक्याने हे गाणं एकदा फक्त श्वासाच्या खुणा करत ऐकावं. पुढच्या वीस गाण्यांचा अभ्यास त्यात होऊन जाईल.

'सेलर मून'चं १९९२ चं 'मूनलाइट देन्सेत्सु' याच कुळातलं. ओळीनंतर ओळ, मध्ये ठरलेला विराम, मधल्या सप्तकातला वावर. ज्यांना अजून लहान घास हवा त्यांच्यासाठी 'दोराएमोन'. १९७९ चं 'दोराएमोन नो उता' शुनसुके किकुची यांच्या चालीतलं आहे, तर २००७ चं 'युमे ओ कानाएते दोराएमोन' आपल्या घराघरांतल्या मुलांनी हिंदी शब्दांत ऐकलेलं आहे. महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने शाळेतून आल्यावर हिंदी 'डोरेमॉन' पाहिलं, तिला ही चाल पाठ आहे. तिने फक्त जपानी शब्द शिकायचे. चाल आधीच अंगात असणं, हा सोपेपणाचा असा भाग आहे जो मोजता येत नाही आणि कोणत्याही यादीत येत नाही.

काही गाण्यांत श्वासाचा प्रश्न दुसऱ्याशी वाटून घेऊन सोडवलेला असतो. 'चिबी मारुको-चान'चं १९९० चं 'ओदोरु पोम्पोकोरिन' बी. बी. क्वीन्सच्या स्त्री आणि पुरुष आवाजांत आहे, आणि त्याच्या धृपदात अर्थ नसलेली, जिभेला गंमत वाटणारी अक्षरं आहेत. त्या वर्षीचं जपान रेकॉर्ड पारितोषिक या गाण्याला मिळालं. २००८ चं 'पोन्यो'चं गाणं एक लहान मुलगी आणि मोठी माणसं मिळून गातात. 'योर लाय इन एप्रिल'चं २०१४ चं 'हिकारु नारा' गूस हाउसच्या अनेक गायकांनी ओळी वाटून गायलं आहे. एकट्याने गायलं तर ते थकवतं, चौघांत वाटलं तर हलकं होतं. 'ड्रॅगन बॉल झेड'चं १९८९ चं 'चा-ला हेड-चा-ला' हिरोनोबु कागेयामा यांनी एकट्याने गायलं असलं, तरी धृपदाच्या पहिल्या अक्षराला खोलीतले सगळेच उठतात, आणि मुख्य गायकाला दम घ्यायला वेळ मिळतो. 'वन पीस'चं १९९९ चं 'वी आर!' तर मित्रांच्या टोळीचंच गाणं. एकट्याने गायला संकोच वाटणाऱ्याने या रांगेतून आत यावं.

काही गाणी मी सध्या दूर ठेवायला सांगेन. 'तोक्यो घूल'चं 'अनरॅव्हल' विरळ, वरच्या फसव्या आवाजात सुरू होऊन किंकाळीपर्यंत जातं. 'शिंगेकी नो क्योजिन'चं 'गुरेन नो युमिया' मागच्या गायनवृंदाशिवाय उघडं पडतं. ती थोर गाणी आहेत आणि त्यांची वेळ येईल.

शास्त्रीय किंवा सुगम संगीत शिकलेल्या मराठी गायकांसाठी एक वेगळी सूचना. मेइजी काळापासून जपानी शालेय आणि लोकप्रिय गीतांत चौथा आणि सातवा स्वर गाळलेली पाच स्वरांची मांडणी रुळली. मध्यम आणि निषाद वजा केले की आपल्या हाती भूप उरतो. तिचंच दुसरं रूप कोमल गंधार आणि कोमल धैवत घेतं. शिवरंजनीतला धैवत कोमल केला की त्याचे स्वर मिळतात. जुन्या अ‍ॅनिमे-गीतांत या मांडण्यांची सावली वारंवार दिसते, आणि ज्याचा भूप पक्का आहे त्याला त्यांचे मुक्काम पटकन सापडतात. मात्र स्वर तेच असले तरी चलन वेगळं आहे. आपण स्वरावरून स्वराकडे मींडेने जातो. जपानी ओळ ठोक्यागणिक नेमक्या जागी पाऊल टाकते. मींड घेतली की ठोके सांडतात, आणि पुढच्या श्वासाची जागाही हुकते. यंत्राच्या गुणदानात कंप, खालून स्वर उचलणं, गळ्यातली छोटी मुरकी यांनाही गुण आहेत, पण आधी पडद्यावरच्या रेषेवर सरळ स्वर लागला तर. पहिले काही महिने गाणं अलंकारांवाचून गावं असं मी सुचवेन. ज्यांनी पलट्यांवर वर्षं घालवली आहेत त्यांना हे जड जाईल याची मला कल्पना आहे.

पुढच्या प्रकरणांतली गाणी सालानुसार किंवा मालिकेनुसार लावलेली नाहीत. एका श्वासात जितके ठोके लागतात त्या क्रमाने ती येतात. म्हणून १९७९ च्या शेजारी २०१६ दिसेल आणि लहान मुलांच्या गाण्यापाठोपाठ एखादं विरहगीत. प्रत्येक गाण्याचे श्वासाचे थांबे, दुसऱ्या कडव्यातल्या अडचणी, पुरुष आणि स्त्री आवाजासाठी पट्टीच्या सूचना आणि कुठे थांबलं तरी गाणं पुरं वाटेल ती जागा दिली आहे. शब्द मात्र तुमचे तुम्ही, ऐकून आणि पाहून, देवनागरीत उतरवायचे आहेत. टिंबं देणारा हात गाणाऱ्याचाच हवा. पहिलं गाणं 'साम्पो' आहे. ते आधी घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गावं, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, आणि पाऊल चुकलं तर ओळ पहिल्यापासून घ्यावी.